तिकिटाआधी परतीचे कागद बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

परदेशात शिकणाऱ्या मुलांनी सुट्टीत शेजारचे देश कमी पैशांत कसे पाहावेत, यावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आता बरेच छापून येते. स्वस्त विमान कुठले, हॉस्टेल कुठले, कोणत्या शहरात काय फुकट बघता येते, हे सगळे त्यात असते आणि ते उपयोगीही पडते. पण सगळ्याची सुरुवात तिकिटापासून होते, हे बरोबर नाही. महाग तिकीट काढल्याने विद्यार्थ्याचे पैसे फारसे बुडत नाहीत. परत येताना कागद अपुरा पडला, दोन सुट्या तिकिटांमधले विमान चुकले, बॅग दोन बोटे मोठी निघाली, की मात्र बुडतात. त्यातही कागदाची चूक नुसत्या पैशांवर भागत नाही, तिच्यापायी शिक्षणाचे एक सत्र जाऊ शकते. म्हणून पत्र लांबले तरी ते पूर्ण छापावे, ही विनंती.

एखाद्या देशात राहण्याची परवानगी आणि त्या देशात पुन्हा शिरण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा दोन्ही एकाच कार्डात सामावलेल्या असतात, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. तो लक्षात येतो नूतनीकरणाच्या काळात, आणि नाताळची किंवा उन्हाळ्याची सुट्टी नेमकी याच काळात येते.

जर्मनीचे उदाहरण घ्या. जुने निवासकार्ड संपत आले, नवे अजून छापून यायचे आहे, अशा वेळी तिथले परकीय नागरिक कार्यालय ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा घडीचा कागद देते. आत तीन चौकटी असतात आणि त्यांपैकी एकीवर फुली मारलेली असते. फुली निवास कायद्याच्या कलम ८१, पोटकलम ४ च्या चौकटीवर असेल, तर जुना परवाना अजून चालू आहे असे धरले जाते. मग पासपोर्ट, जुने कार्ड आणि हा कागद बरोबर ठेवून देशाबाहेर जाता येते व परतही येता येते. फुली पोटकलम ३ च्या चौकटीवर असेल, तर जर्मनीत राहणे कायदेशीर असते, पण बाहेर पडल्यावर त्या कागदावर परत शिरता येत नाही. कागद तोच, शिक्का तोच, फक्त फुलीची जागा वेगळी. मित्राला त्या कागदावर जाऊन येता आले म्हणून आपल्यालाही येईल, असे म्हणूनच धरून चालत नाही.

स्पेनमध्ये कार्डाचे नूतनीकरण चालू असताना बाहेर जायचे असेल तर ‘आउतोरिसासिओन दे रेग्रेसो’, म्हणजे परतीचा परवाना, निघण्यापूर्वी काढावा लागतो. तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा जो व्हिसा निवास परवान्याचेही काम करतो, तो तिथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदवून शुल्क भरावे लागते. ते राहून गेले तर पासपोर्टावर चिकटवलेला व्हिसा वर्षभराचा दिसत असला तरी त्याच्या जोरावर सीमा ओलांडता येत नाही. कॅनडाचा स्टडी परमिट हा मुळात व्हिसाच नाही. पासपोर्टमधला प्रवेश व्हिसा संपला तरी परमिटवर शिक्षण चालू राहते. अमेरिकेत जाऊन थेट परत आले तर चालू परमिटवर आत घेतात, पण दुसऱ्या देशात सुट्टी घालवली की परतण्यासाठी आधी नवा व्हिसा लागतो. अमेरिकेत शिकणाऱ्यांनी विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदाच्या दुसऱ्या पानावरची प्रवासासाठीची सही बघावी. ती बारा महिने चालते. शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर असाल तर सहाच महिने. व्हिसाची मुदत संपलेली असली तरी कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची सवलत बहुतेक विद्यार्थ्यांना मिळते, मात्र अमेरिकेत शिरल्याची आय-९४ नोंद आणि आय-२० चालू हवेत. या सवलतीला एक मोठी अट आहे. त्याच फेरीत तिथल्या अमेरिकी वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला, की सवलत गेली. मग व्हिसा हातात पडेपर्यंत तिथेच थांबावे लागते. शिवाय कॅनडाचा स्वतःचा व्हिसा काढावा लागतो तो वेगळाच.

ब्रिटनने निवासाचे प्लास्टिक कार्ड बंद करून सगळे ई-व्हिसावर नेले आहे. शिकत असताना पासपोर्टचे नूतनीकरण केले तर नवा क्रमांक त्या ऑनलाइन खात्यात जोडावा लागतो. तो जोडला नसेल तर परतीच्या विमानाच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला तुमची परवानगी दिसतच नाही, आणि दिसली नाही तर तो विमानात चढू देत नाही.

आयर्लंडचा प्रकार आणखी फसवा. डब्लिनहून बेलफास्टला जाणारी बस कुठल्याही तपासणी नाक्यावर थांबत नाही. रस्त्याच्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल दिसू लागले की समजायचे, सीमा ओलांडली. पण बेलफास्ट ब्रिटनमध्ये आहे, आयर्लंडच्या विद्यार्थी परवान्यावर तिथे जाता येत नाही, आणि व्हिसा लागणारा पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा हवाच. नाक्यावर कुणी विचारत नाही म्हणून मुले जातात. अधूनमधून पोलीस बस थांबवून कागद मागतात. विनाव्हिसा सापडल्याची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात आडवी येते. एका दिवसाच्या सहलीसाठी ही किंमत कुणीही मोजू नये.

आता शेंगेन, म्हणजे आपापसांतल्या सीमांवर एरवी तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांचा गट. यात सध्या २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ पासून आला, बल्गेरिया व रोमानिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत. यांतल्या एखाद्या देशाचा निवास परवाना किंवा दीर्घ मुदतीचा ‘डी’ व्हिसा असेल, तर बाकीच्या २८ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. स्वतःच्या देशातले दिवस यात धरत नाहीत. मधल्या सीमांवर शिक्के पडत नसले तरी मर्यादा लागू असतेच, म्हणून बसची, रेल्वेची, मुक्कामाची पावती जपून ठेवावी.

ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये शिकणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांना अल्पमुदतीचा ‘सी’ व्हिसा लागतो आणि चुका होतात त्या इथे. अर्जाचे शुल्क ९० युरो, नकार आला तरी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. खरा अडसर असतो अर्ज देण्याच्या वेळा मिळण्याचा, सुट्टीच्या तोंडावर त्या संपून जातात. ज्या देशात सर्वात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. सगळीकडे सारखेच दिवस असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. ‘अमक्या देशाचा लवकर मिळतो’ म्हणून तिथे अर्ज करून भलतीकडेच फिरणे अंगाशी येते. सीमेवर हॉटेलचे आरक्षण मागितले जाते आणि ते अर्जाशी जुळत नाही. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. शेंगेन सोडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो आणि त्यात दोन पाने कोरी हवीत.

व्हिसा मिळाल्यावर तो नीट वाचणे हे तर फार कमी जण करतात. समजा, त्यावर १ मार्च ते २५ मार्च अशा तारखा आहेत आणि खाली मुक्कामाचे दिवस १० लिहिले आहेत. याचा अर्थ २५ दिवस राहता येते असा नाही. त्या २५ दिवसांच्या खिडकीत कधीही जा, पण राहायचे दहाच दिवस. जास्तीचे १५ दिवस फक्त तारखा मागेपुढे झाल्या तर म्हणून दिलेले असतात. शिवाय आत शिरल्याचा दिवस आणि बाहेर पडल्याचा दिवस, दोन्ही पूर्ण धरले जातात. शुक्रवारी रात्री साडेअकराला उतरून सोमवारी पहाटे साडेबाराला निघालात तर प्रत्यक्षात दोन दिवस हाती लागले, हिशेबात चार गेले. तिसरी जागा बघायची ती प्रवेशांच्या संख्येची. तिथे १ असेल तर पॅरिसहून लंडनला येऊन पुन्हा ॲमस्टरडॅमला जाता येत नाही, दिवस शिल्लक असले तरी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर संगणकीय नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ‘सी’ व्हिसावाल्यांचे दिवस आता पासपोर्टवरच्या पुसट शिक्क्यांवरून मोजावे लागत नाहीत, यंत्रच मोजते. एक दिवस जास्त झाला तरी तो दिसतो.

कागद झाले की मग तिकीट. इथला सर्वात महाग घोटाळा म्हणजे स्वतः जोडलेली दोन तिकिटे. संकेतस्थळ दोन निरनिराळ्या कंपन्यांची विमाने एकापुढे एक लावून स्वस्त मार्ग दाखवते. बघायला तो एकच प्रवास, पण करार दोन असतात. सामान मधल्या विमानतळावर बाहेर येते. ते घ्यायचे तर त्या देशाची सीमा ओलांडून बाहेर पडावे लागते, आणि बाहेर पडायचे म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो. नुसते विमान बदलायला काही देश वेगळा ट्रान्झिट व्हिसाही मागतात. पहिले विमान तीन तास उशिरा आले आणि दुसरे निघून गेले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी आलाच नाही. तिकीट गेले, आणि त्याच आरक्षणातले परतीचे तिकीटही काही कंपन्या रद्द करतात.

युरोपीय संघाचा प्रवासी-हक्कांचा नियम २६१/२००४ पुष्कळ मदत करतो, पण तो आरक्षण बघतो. एकाच आरक्षणात शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३५०० पर्यंत ४०० आणि त्याहून लांब ६०० युरो अशी भरपाई मागता येते. संघाच्या आतल्या प्रवासाला कमाल ४००. विमान रद्द झाल्याचे १४ दिवसांपेक्षा कमी मुदतीत कळवले तरी हीच रक्कम मागता येते. वादळ, विमानतळ बंद पडणे अशा असाधारण कारणांना भरपाई नाही, मात्र खाणेपिणे आणि रात्र काढावी लागली तर मुक्काम हे कंपनीने द्यायचेच असते. हा नियम संघातून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागू आहे, बाहेरून येणाऱ्या विमानांपैकी फक्त युरोपीय कंपन्यांच्या. विद्यार्थी हे पैसे मागतच नाहीत, कारण कुणी सांगितलेलेच नसते. बोर्डिंग पास जपून ठेवावा, उशिराचे कारण लेखी मागावे आणि दावा थेट कंपनीच्या संकेतस्थळावर करावा. मध्यस्थाला दावा दिला तर त्याचा वाटा कापला जातो.

बॅगेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण विमानाच्या दाराशी भरावा लागणारा दंड अनेकदा तिकिटापेक्षा मोठा असतो. रायनएअर आणि विझ एअर या स्वस्त विमान कंपन्यांत मोफत बॅगेचे माप सध्या ४० × ३० × २० सेंटीमीटर आहे, ईझीजेटवर ४५ × ३६ × २०. रायनएअरचे माप २०२५ मध्येच बदलले, आधी मधला आकडा २५ होता, म्हणून जुन्या लेखावर विसंबू नये. दाराशी धातूची एक चौकट असते. बॅग तिच्यात सहज बसली पाहिजे आणि दाब न देता वर निघाली पाहिजे. चाके, हँडल, पट्ट्यांच्या कड्या हे सगळे मापात धरतात. चाकांची छोटी बॅग याच कारणाने अडकते. कापड मऊ असते, चाके मऊ नसतात. कापडी, बिनचाकाची पाठपिशवी घ्यावी. ती बसली नाही की कारण बहुतेक वेळा पुढचा कप्पा असतो. चार्जर, पाण्याची बाटली, छत्री तिथे कोंबलेली असते आणि २० सेंटीमीटरचे २६ होतात. जड जाकीट अंगावर घालावे, बूट पायात घालावेत, पुढचा कप्पा रांगेत उभे राहण्यापूर्वीच मोकळा करावा. घरी मोजताना रिकामी बॅग मोजून उपयोग नाही, भरलेली मोजायची, आणि तीही उभी करून.

विमानाच्या दाराशी अडवले जाण्याचे आणखी एक कारण बिगर-युरोपीय पासपोर्टवाल्यांपुरते आहे. काही कंपन्या त्यांना सुरक्षा तपासणीच्या आधी काउंटरवर कागद दाखवून यायला सांगतात. बोर्डिंग पासवर तशी बारीक ओळ असते. मोबाइलवर पास आला म्हणून मुले थेट आत जातात आणि विमानाच्या दाराशी त्यांना परत पाठवले जाते. दार तर बहुधा उड्डाणाच्या २० मिनिटे आधी बंद होते. ऑनलाइन चेक-इन करायचे राहिले तर विमानतळावर त्याचेही पैसे पडतात. तिकिटावरचे नाव पासपोर्टमधल्या रकान्यांप्रमाणे अक्षरशः तसेच हवे. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर त्या कंपनीची पद्धत आधी विचारून घ्यावी. कुणी नाव दोनदा लिहायला सांगते, कुणी ठरावीक अक्षरे घालायला सांगते. मध्यस्थ संकेतस्थळावरून घेतलेल्या तिकिटात ही दुरुस्ती सर्वात त्रासाची होते, कारण कंपनी मध्यस्थाकडे बोट दाखवते आणि मध्यस्थ कंपनीकडे.

विमानतळाचे नाव आणि शहर यांतले अंतरही पाहावे. ‘पॅरिस’ म्हणून विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर आहे. ‘फ्रँकफर्ट’ हान तर १२० किलोमीटरच्या आसपास. स्टॉकहोमचा स्काव्स्टा १०० च्या घरात, मिलानचा बेर्गामो ५० च्या जवळ. नमुन्यादाखल हिशेब मांडा. जाण्यायेण्याचे तिकीट ३० युरो, लांबच्या विमानतळाची बस दोन्ही वेळा मिळून ३०, बॅग ४०. झाले शंभर. पहाटे सहाचे विमान आणि तोवर बस सुरू होत नसेल तर आदल्या रात्रीची टॅक्सी किंवा विमानतळावरचे जागरण वर. तीच जागा रेल्वेने ८५ युरोंत, शहराच्या मधोमध उतरवून मिळत असेल तर स्वस्त कुठले? हा हिशेब तिकीट काढण्यापूर्वी एका कागदावर मांडायला दहा मिनिटे लागतात.

रेल्वेचा पास घेताना इंटररेल आणि युरेल यांत गल्लत होते. दोन्ही ३३ देशांत चालतात. फरक नागरिकत्वाचा नाही, राहण्याच्या ठिकाणाचा आहे. युरोपात निवास परवान्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याचा पास म्हणजे इंटररेल, पासपोर्ट कुठलाही असो. युरेल युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. इंटररेलवर स्वतःच्या निवासाच्या देशात फक्त एक बाहेर पडण्याचा आणि एक परतीचा प्रवास मिळतो. २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर लागतो, तो सुमारे पाव हिश्श्याने कमी असतो. महिन्यात ४, ५ किंवा ७ दिवस, दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस असे पर्याय आहेत. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतात. रात्री निघून सकाळी पोहोचणाऱ्या गाडीला फक्त निघण्याचा दिवस लागतो, तिथे एक दिवस वाचतो. गाडीत बसण्यापूर्वी ती गाडी मोबाइलवरच्या पासमध्ये नोंदवावी लागते. तपासनीस आल्यावर नोंदवली तर ती विनातिकीट धरली जाऊ शकते.

पास फुकटासारखा वाटतो आणि मग आरक्षणाचे पैसे दिसू लागतात. फ्रान्सच्या टीजीव्ही, स्पेनच्या एव्हीई, इटलीच्या वेगवान गाड्या, युरोस्टार आणि रात्रीच्या गाड्या यांना आरक्षण वेगळे लागते, आणि टीजीव्हीत पासधारकांच्या जागा मर्यादित असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्स इथल्या बहुतेक देशांतर्गत गाड्यांना ते सक्तीचे नसते. म्हणून पासची किंमत दिवसांनी भागावी, त्यात त्या दिवसाचे आरक्षण मिळवावे आणि आगाऊ तिकिटाशी तुलना करावी. तारखा दोन-तीन महिने आधी ठरलेल्या असतील तर सुटी आगाऊ तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. तारखा ठरत नसतील, मार्ग लांब आणि देश मध्य युरोपातले असतील, तर पास.

जर्मनीत सत्र शुल्कातूनच देशभराचे तिकीट मिळत असेल तर त्यावर प्रादेशिक गाड्यांनी साल्झबुर्ग किंवा बाझेलच्या जर्मन स्थानकापर्यंत जाता येते आणि पुढचेच तिकीट काढावे लागते. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून दुसऱ्या वर्गाची सगळी सार्वजनिक वाहतूक सर्वांना मोफत आहे. ब्रिटनमध्ये १६–२५ रेलकार्डावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, आणि वय २६ किंवा जास्त असले तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते कार्ड काढता येते. हे अनेकांना ठाऊक नसते.

बसने वा रेल्वेने जाताना मूळ पासपोर्ट आणि मूळ निवासकार्ड जवळ हवेच, मोबाइलमधला फोटो चालत नाही. शेंगेनच्या आत तपासणी नसते, हे आता पूर्ण खरे राहिलेले नाही. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे. ती अर्धा-पाऊण तास खाते, तेव्हा पुढची गाडी तेवढी सैल ठेवावी.

रात्रीच्या बसने एका मुक्कामाचे पैसे वाचतात हे खरे. पण ती पहाटे पाचला उतरवते आणि हॉस्टेलमधली खाट दुपारी दोन-तीनला मिळते. सामान ठेवायची सोय, सकाळचा चहा आणि दुपारची झोप यांत ती बचत पुष्कळ आटते. सलग दोन रात्री तर असे करूच नये. हॉस्टेलच्या बाबतीत तीन गोष्टी आधी वाचाव्यात: स्वागतकक्ष रात्री किती वाजता बंद होतो, चादरींचे पैसे वेगळे आहेत का, आणि शहराचा मुक्काम कर जागेवर भरायचा आहे का. स्वतःचे छोटे कुलूप न्यावे. स्वयंपाकघर असलेले हॉस्टेल चार पैसे महाग असले तरी तीन रात्रींत ते पैसे वसूल होतात.

पैसे काढताना यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे येतात. एक तिथल्या चलनात, दुसरा तुमच्या कार्डाच्या चलनात, आणि खाली ‘दर निश्चित, खात्री करा’ अशा अर्थाचे मोठे बटण. ओळखीच्या चलनातला आकडा बघून बोट आपसूक तिकडे जाते. तो दर यंत्रवाल्याने लावलेला असतो आणि बँकेच्या दरापेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट असतो. नेहमी तिथल्या चलनाचेच बटण दाबावे. दुकानातल्या यंत्रावरही हीच निवड येते आणि काही वेळा विक्रेता न विचारता ती करून टाकतो, म्हणून पावतीवरचे चलन बघावे. कार्डे दोन असावीत आणि ती दोन वेगळ्या जागी ठेवावीत.

संघातल्या देशाचे सिम असेल तर २०१७ पासून संघात, नॉर्वेत आणि आइसलँडमध्ये वाजवी वापरापर्यंत रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. स्वित्झर्लंड यात नाही. बाझेलवरून किंवा आल्प्समधून जाणाऱ्या गाडीत फोन आपोआप स्विस जाळ्यावर जातो आणि बिल वाढते. सीमेच्या एक स्थानक आधी डेटा बंद करावा.

आजारपणाची सोय गृहीत धरू नये. संघातल्या देशाच्या सरकारी विम्यात असलेल्या विद्यार्थ्याला युरोपीय आरोग्य विमा कार्ड मिळते. जर्मनीत ते नेहमीच्या विमाकार्डाच्या मागच्या बाजूलाच छापलेले असते. पण ते फक्त सरकारी सेवेला चालते, डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा वा मायदेशी पाठवण्याचा खर्च देत नाही, आणि डेन्मार्क किंवा स्वित्झर्लंडसारख्या काही देशांत ते बिगर-युरोपीय नागरिकांना लागू होत नाही. बर्फात खेळायला जाणाऱ्याने वेगळा प्रवास विमा घ्यावाच. त्यात त्या खेळाचे नाव लिहिलेले आहे का, हेही पाहावे.

सवलतींत ‘नागरिक’ आणि ‘रहिवासी’ हे दोन शब्द वेगळे वाचावेत. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात २६ वर्षांखालच्या युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या (संघ आणि नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन) रहिवाशांना प्रवेश मोफत आहे. म्हणजे निवासकार्ड दाखवणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही. ते खोलीत ठेवून गेलात तर पूर्ण तिकीट. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ ते २५ वयाची मोठी सवलत मात्र संघाच्या नागरिकांना आहे, तिथे निवासकार्डाचा उपयोग नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सर्वांना मोफत असतात. माद्रिदचे प्रादो रोज शेवटचे दोन तास मोफत असते आणि १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना एरवीही.

राहायला-जेवायला मिळेल, रोज चार तास काम करा, असे सांगणाऱ्या जाहिराती विद्यार्थ्यांना फार भुरळ घालतात. रोख पैसे हातात आले नाहीत तरी बऱ्याच देशांत ते काम धरले जाते. पर्यटक म्हणून शिरलेल्या देशात काम करायची परवानगी नसते, आणि शिकत असलेल्या देशात ते तास आठवड्याच्या मर्यादेत मोजले जाऊ शकतात. सीमेवर ‘हॉस्टेलमध्ये मदत करायला आलो आहे’ असे निरागसपणे सांगितले तर तिथूनच परत पाठवतात. फुकट खाटेसाठी शिक्षणाचा परवाना पणाला लावू नये, हे घरच्यांनीही मुलांना आवर्जून सांगावे.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. अशा प्रवासावरचा लेख छापताना नियम कोणत्या तारखेला तपासले ती तारीख लेखाखाली द्यावी. बॅगेची मापे, व्हिसाचे शुल्क, सीमेवरची तपासणी, यांतले बरेच काही गेल्या दोन वर्षांत बदलले आहे आणि जुना लेख वर्षानुवर्षे फिरत राहतो. दुसरे, लेखात स्वस्त मार्ग सुचवताना तो कोणत्या परवान्यावर शक्य आहे हेही लिहावे. युरोपीय नागरिकाला जमणारा मार्ग व्हिसा लागणाऱ्या विद्यार्थ्याला जमतोच असे नाही.

एक गोष्ट राहिली. तिसऱ्या देशात पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्यावी आणि मगच दूतावासात जावे. तिथे तातडीचा दाखला घेण्याआधी तो कुठवर चालतो हे विचारावे. असा दाखला बहुधा मायदेशी एकेरी परतण्यापुरताच असतो, त्यावर विद्यापीठाच्या शहरात परत जाता येत नाही. त्यासाठी नवा पासपोर्टच मागावा लागतो, आणि तोवरच्या मुक्कामाला पुरतील इतके पैसे दुसऱ्या कार्डावर असावे लागतात. पासपोर्ट, व्हिसा आणि निवासकार्ड यांच्या प्रती निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाकडे पाठवून ठेवाव्यात.

आपला,
एक वाचक